प्रश्न गव्हाणीचा आहे

सरकी ढेपेचा वायदेबाजारातला भाव अकोल्याच्या नावाने चालतो. एनसीडीईएक्सवर ढेपेचे जे सौदे होतात, त्यांचे मूळ केंद्र अकोला आहे. म्हैस मेहसाण्याची असो की हरियाणाची, तिच्या खुराकाचा अंदाज बांधताना व्यापाऱ्याची नजर वऱ्हाडाकडे वळते. कापसातून रुई निघाली, सरकीतून तेल निघाले, आणि उरले ते ढोरांच्या तोंडी लागले. दीडशे वर्षांच्या कापूसबाजाराने वऱ्हाडाला दिलेली ही जोडकमाई आहे.

त्या ढेपेचे पुढे काय होते, यावर आज जगभर वाद चालला आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव चारा कुजवतात. त्यातून मिथेन तयार होतो आणि तो बहुतेक ढेकरावाटे बाहेर पडतो. जनावराने खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे सहा टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. चारा जितका भरड आणि निकस, तितका दुधामागे जाणारा मिथेन जास्त. म्हणजे हवामानाच्या अभ्यासकाला ज्या वायूची चिंता आहे, तो शेतकऱ्याच्या दृष्टीने वाया गेलेला चारा आहे. या दोघांचे हित एकाच गव्हाणीत सापडते, आणि तरीही आजवरची बहुतेक चर्चा ताटाभोवती घुटमळत राहिली. कुणी काय खावे, कुणी काय खाऊ नये, यावर आवाज चढतात. जनावराने काय खावे, हे कुणी विचारत नाही.

जगाचे आकडे आधी पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २००६ साली पशुधनाचा वाटा एकूण हरितगृह वायूंच्या १८ टक्के सांगितला. २०१३ मध्ये तो १४.५ टक्के झाला आणि २०२३ च्या अहवालात सुमारे १२ टक्क्यांवर आला. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो, म्हणून एखादाच आकडा उचलून कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे बरोबर नाही. पण सर्वांत लहान आकडा धरला तरी तो मोठाच आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची शपथ घेतली. भारताने त्यावर सही केली नाही. आपले म्हणणे असे होते की भारतातला मिथेन मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या गुरांतून आणि भातशेतीतून येतो, तो पोटासाठीचा आहे, चैनीचा नाही. हा युक्तिवाद नवा नव्हता. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच तो मांडला होता: गरिबाच्या गाईचा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एका तागडीत तोलू नका.

हा युक्तिवाद आम्हाला न्यायाच्या कसोटीवर पटतो. भारत जगातल्या सर्वांत कमी मांस खाणाऱ्या देशांत मोडतो. २०१९ च्या ईट-लॅन्सेट अहवालाने माणशी आठवड्याला सुमारे शंभर ग्रॅम लाल मांस पुरे म्हटले. दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्यातल्या शेतमजुराच्या घरी महिन्यातून एखादवेळ मटण शिजते, तेही घरातल्या सगळ्यांत वाटून. त्याला मांस कमी करा असे सांगण्यात काही अर्थ नाही.

तरीही न्यायाचा युक्तिवाद हा काम टाळण्याचा परवाना होऊ नये. गुरांवर बोट ठेवणाऱ्यांची बाजू आपण समजतो त्याहून भक्कम आहे आणि ती पूर्ण ऐकली पाहिजे.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २००६ मध्ये मोजणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत उत्तर अमेरिकेतली दुधाळ गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते असे धरले आहे. भारतीय उपखंडातली दुधाळ गाय ५८ किलो. इथपर्यंत आपली गाय निर्दोष वाटते. पण त्याच तक्त्यात दूधही लिहिले आहे: तिथली गाय वर्षाला ८,४०० किलो दूध देते, आपली ९००. भागाकार केला तर तिथे एका किलो दुधामागे सुमारे १५ ग्रॅम मिथेन पडतो आणि आपल्याकडे ६४ ग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त.

बैलाचा हिशेबही असाच टोचणारा आहे. त्याच तक्त्यात आपल्याकडच्या इतर गुरांसाठी वर्षाला २७ किलो धरले आहेत. जोडीचे झाले ५४. मिथेनची शंभर वर्षांतली उष्णता कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरली, तर हा भार दीड टनावर जातो. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे बैलजोडीचा वर्षभराचा ढेकर साधारण ५६० लिटर डिझेलच्या बरोबरीचा झाला. पाच-सात एकर कोरडवाहू शेतीला वखरणी, पेरणी, डवरणी धरूनही ट्रॅक्टरला वर्षाला एवढे डिझेल लागत नाही. बैल म्हणजे पर्यावरण आणि ट्रॅक्टर म्हणजे प्रदूषण, ही पोळ्याच्या भाषणांतली वाटणी या आकड्यापुढे टिकत नाही. बैलांवर ज्यांचा जीव आहे, त्यांनीच हा आकडा आधी पाहिला पाहिजे. आमचाही जीव आहे, म्हणून तो इथे मांडला.

पण हिशेब इथे थांबवला तर तो अर्धाच राहतो. मिथेन हवेत जेमतेम बारा वर्षे टिकतो आणि मग मोडतो. डिझेलचा धूर शतकानुशतके हवेत राहतो आणि थरावर थर चढवतो. गावातल्या ढोरांची संख्या स्थिर असेल, तर नवा मिथेन जुन्याची जागा घेतो, भार फारसा वाढत नाही. संख्या घटली तर भार उतरतो. आणि महाराष्ट्रात ती घटलीच आहे. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गाई-बैल होते, २०१९ च्या विसाव्या गणनेत सुमारे १ कोटी ४० लाख राहिले. सात वर्षांत दहा टक्के घट. वऱ्हाडातल्या कोणत्याही खेड्यात पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या मोजल्या तरी हे दिसते. शिवाय बैल नुसता नांगरत नाही. तो शेण देतो, त्या शेणाने युरिया थोडा वाचतो, आणि युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइडही. तो तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार खातो, जे माणसाच्या कामाचे नाही आणि एरवी पुष्कळदा धुऱ्यावर पेटवले जाते.

मिथेन लवकर मोडतो, हीच गोष्ट उलट बाजूनेही वाचता येते. तो घटवला तर फायदा आपल्या हयातीत दिसेल. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाला उन्हामुळे कलम १४४ लावावे लागले. त्या दिवसांत म्हशींचे दूध आटते, जनावर चाऱ्याला तोंड लावत नाही. उन्हाचा पहिला चटका ज्यांच्या गोठ्याला बसतो, त्यांना थंडावा लवकर आणणाऱ्या उपायात रस असायला हवा.

मग उपाय कोणता? डेन्मार्कने २०२४ मध्ये जनावरांच्या वायूवर कर लावायचे ठरवले, २०३० पासून टनामागे ३०० क्रोनर. न्यूझीलंडने असाच बेत २०२२ मध्ये आखला आणि शेतकऱ्यांच्या विरोधापुढे २०२४ मध्ये गुंडाळला. वऱ्हाडात असा कर कुणी सुचवणार नाही आणि सुचवूही नये. ज्याच्या दुधाला धड भाव नाही, त्याच्या गाईवर कर कसला? पण इथे दुसऱ्याच वाटेने गोठ्यावर भार पडत गेला आहे, आणि आमच्या मते खरा विषय तोच आहे.

पन्नाशीच्या पुढच्या कोणत्याही वऱ्हाडी माणसाला विचारा, त्याला घरामागची कडब्याची गंजी आठवेल. ज्वारी ही इथली भाकर होती आणि कडबा हा इथला चारा. एकाच धांड्याने माणूस आणि ढोर दोघे जगत. मग आधी बुटक्या संकरित ज्वारीने कडबा आखूड केला. नव्वदीनंतर सोयाबीन आले आणि त्याने ज्वारीच शेतातून उठवली. सोयाबीनचे पैसे तीन-साडेतीन महिन्यांत हाती येतात, ज्वारीला मजूर मिळत नाही, पाखरे आणि रानडुकरे पीक ठेवत नाहीत. शेतकऱ्याने चूक केली असे म्हणता येणार नाही. पण त्याचा परिणाम गव्हाणीत झाला. कुटार हे कडब्याची बरोबरी करत नाही. त्यात दम नाही, पचायला ते जड, आणि त्यावर दूध काढायचे तर ढेप ओतावी लागते. ढेपेचा भाव ज्या शहराच्या नावाने ठरतो, त्याच शहरापासून वीस कोसांवरच्या शेतकऱ्याला ती परवडत नाही.

चराईचेही तेच झाले. वऱ्हाडात गावाच्या चराईसाठी राखलेल्या जमिनीला ई-क्लास म्हणतात. कुठे त्यावर सरकारी इमारती उभ्या राहिल्या, कुठे धनदांडग्यांनी कुंपण घातले, आणि कुठे भूमिहीनांनी पोटासाठी तुकडा कसायला घेतला. तिन्ही एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक आणि गायरान जमिनीवरचा तो हक्क मागितला होता, आणि तो खरा होता. पण चराई संपली तसा ढोरे राखणारा ढोरकीही संपला, जनावर दावणीला बांधले गेले, आणि दावणीच्या जनावराला सारे विकत आणून घालावे लागते.

चारा नसताना जनावर वाटण्याचा प्रयोग आपण एकदा केला आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. अमरावती आणि अकोला त्यात होते. जोडधंदा म्हणून सवलतीत संकरित दुभती जनावरे देण्यात आली. त्यांना रोज लागणारा हिरवा चारा, ढेप आणि पाणी कोरडवाहू घरात कुठून यायचे, हा प्रश्न पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच विचारला होता. अनेक घरांत गाईच्या खाण्याचा खर्च माणसांच्या खाण्याहून वर गेला. दर किलोमागे मिथेन कमी करणारी, जास्त दुधाची गाय कागदावर बरोबर होती. गव्हाण रिकामी असलेल्या गोठ्यात ती बरोबर ठरली नाही. हवामानाच्या नावाने उद्या जी योजना येईल, तिने हे वीस वर्षांपूर्वीचे पान आधी वाचावे.

आता त्या विषयाकडे येऊ, ज्यावर बोलताना बरेच जण आवाज खाली आणतात. राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हैस आणि हेला त्यात नाहीत. या बदलाआधी शेतकरी थकलेला बैल बाजारात विकायचा आणि त्यात भर घालून नवा गोऱ्हा घ्यायचा. ते चक्र थांबले. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने, वाटेत होणाऱ्या अडवणुकीला आणि मारहाणीला कंटाळून, जनावरांची खरेदीच बंद केली. तेव्हा राज्यातले बैलबाजार ओस पडले आणि म्हशी विकणारे शेतकरीही अडचणीत आले. निव्वळ मिथेनच्या हिशेबाने पाहिले तर हा कायदा काम न करणाऱ्या जनावरांचे आयुष्य लांबवतो आणि जो थोडा चारा आहे त्यात वाटेकरी वाढवतो. हे मान्य न करता हवामानाच्या गप्पा मारणे प्रामाणिकपणाचे नाही.

दुसऱ्या बाजूलाही खोल भावना आहे. बारा वर्षे ज्याच्या खांद्यावर जू ठेवले, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ज्याचे खांदे लोणी-हळदीने शेकले, त्याला कसायाच्या हाती द्यायला अनेक शेतकऱ्यांचे मन धजत नाही. त्यांचे हे मन कायद्यापेक्षा जुने आहे. गाडगेबाबांनी याच मातीत, मूर्तिजापुरात गोरक्षण उभे केले आणि जत्रांमधल्या पशुबळीविरुद्ध कीर्तनातून आयुष्यभर बोलत राहिले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गोवंशाच्या सुधारणेला एक अख्खा अध्याय दिला. पण दोघांच्याही शिकवणुकीत ढोर आणि माणूस एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत. गाडगेबाबांच्या दहा कलमांत मुक्या प्राण्यांना अभय आहे आणि भुकेल्याला अन्नही आहे, आणि अन्न पहिले आहे.

म्हणून आमचे मत असे: समाजाला म्हातारी जनावरे जगवायची असतील तर ती इच्छा आदराची आहे, पण तिचा खर्च समाजाने उचलावा, एकट्या शेतकऱ्याने नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरवले. गाय गोशाळेत गेली की ५० रुपये. तीच गाय शेतकऱ्याच्या दारात राहिली, त्याच्या शेताला शेण देत राहिली, तर शून्य. ही मदत गाईला आहे की तिला शेतकऱ्याच्या दारातून हलवण्याला? भाकड गाय आणि थकलेला बैल स्वतःच्या गोठ्यात ठेवणाऱ्या अल्पभूधारकाला तेवढीच रक्कम, शक्यतो चाऱ्याच्या रूपात, का मिळू नये? ज्याला ते जमणार नाही, त्याच्यावर आणि त्याच्या व्यापाऱ्यावर रस्त्यात हात उचलला जाऊ नये, एवढी हमी तरी पोलिसांनी द्यावी. कायदा राबवायला पोलीस आहेत.

ताटाचा विषय थोडक्यात. बहिरमच्या यात्रेत डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हंडीतले मटण शिजते, शेजारच्या चुलीवर रोडगे आणि वांग्याची भाजी असते, आणि दोन्ही पंगतींत गर्दी असते. वऱ्हाडाचे अन्न असेच मिसळलेले आहे. हवामानाच्या नावाने कुणी या हंडीवर बोट ठेवू नये आणि धर्माच्या नावानेही ठेवू नये. ज्यांना परवडते आणि जे रोज खातात, त्या शहरी घरांनी आपले प्रमाण आपण तपासावे, ते वेगळे. पण अन्नाच्या प्रश्नात सगळ्यांत निकडीची जागा मेळघाट आहे. धारणी आणि चिखलदऱ्याच्या कुपोषणाने या राज्याला वर्षानुवर्षे लाज आणली. तिथल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळांच्या पोषण आहारातही आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंड्याचा हवामानावरचा भार मटणाच्या आणि गोमांसाच्या तुलनेत फारच थोडा आहे. कोंबडी रवंथ करत नाही, आणि ती जे खाते त्यात आपल्याच सोयाबीनची पेंड असते. हवामान आणि कुपोषण या दोन्ही बाजूंनी योग्य असलेली गोष्ट आपण वाटेत टाकून दिली. तो निधी परत आला पाहिजे.

आणि गव्हाण. करता येण्यासारखे बरेच हाताशी आहे. बंगळूरुच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून हरित धारा नावाचे पूरक खाद्य तयार केले आहे. ते खाऊ घातले तर मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे संस्था सांगते. ते वऱ्हाडातल्या दूध संकलन केंद्रांवर ढेपेच्या पोत्याशेजारी मिळायला हवे. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून चाललेल्या पोकरा प्रकल्पात हवामानाशी जुळवून घेण्यासाठी शेततळी आणि ठिबक दिले गेले, भूमिहीनांना शेळ्या दिल्या गेल्या. खारपाणपट्ट्यातली गावेही त्यात होती. पुढच्या टप्प्यात चारा का नसावा? दुहेरी उपयोगाच्या ज्वारीला, म्हणजे दाणा आणि कडबा दोन्ही देणाऱ्या वाणाला, एकरी मदत द्या. सोयाबीन सोडायला कुणी सांगत नाही, तुरीसारखे त्याच्या काही ओळींमध्ये ज्वारीला बसवा. जिथे रानडुकरे पीक ठेवत नाहीत तिथे कुंपणाला पैसे द्या, नाहीतर ही सूचना कागदावरच राहील. ई-क्लासचा जो तुकडा अजून मोकळा आहे, तिथे गावाने गवत राखावे.

आणखी एक काम अकोल्यातच होऊ शकते. ५८ किलो हा आकडा साऱ्या उपखंडातल्या दुधाळ गाईसाठी आहे, त्यात पूर्णा काठची म्हैस मोजलेलीच नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जगणारी ही फिकट तपकिरी म्हैस, लोक तिला भुरी म्हणतात, जानेवारी २०२३ मध्ये पूर्णाथडी या नावाने राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. खारे पाणी पिऊन, ४५ अंशांच्या उन्हात, कुटारावर ती दूध देते. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे, पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाही तिथेच आहे. दोघांनी मिळून तीन गोठे निवडावेत: एक कुटारावरचा, एक कडब्यावरचा, एक ढेपेची जोड दिलेला. वर्षभर भुरीचे दूध मोजावे, ढेकर मोजावा, आणि शेतकऱ्याच्या खिशातून काय गेले तेही त्याच वहीत लिहावे.